काळूरामचा रूळ

नवसू बांधावर येऊन उभा राहिला आणि खाली उतरला नाही, तेव्हाच काळूरामला कळायला हवं होतं.

मार्गशीर्ष लागून चार-पाच दिवस झाले होते. म्हशा गावाच्या अलीकडच्या वाडीत काळूरामचं शेत. भात निघालं होतं, त्याच खाचरात वालाचं बी पडलं होतं आणि काळूराम बीवरून रूळ फिरवत होता. रुळाच्या फळीवर पाच दगड दोरानं बांधलेले होते. दरवर्षी त्या जागी त्याची बायको गोजर उभी असायची. औंदा ती चार दिवसांपूर्वी टोकावड्याला माहेरी गेली होती, भावजयीच्या बाळंतपणाला. नवसू म्हणजे तिचा पाठचा भाऊ.

"काय रे नवसू? पोरगा का पोरगी?" काळूरामनं लांबूनच विचारलं.

"पोरगी."

"मग तोंड कशाला पाडलंस? लक्षुमी आली. ये खाली. मडकं आंब्याबुडी हाय, पाणी पी."

"पाणी नको."

आठ कोस चालून आलेला माणूस पाणी नको म्हणतो, तो एकाच कारणानं. वाईट सांगावा आणणारा त्या घरचं पाणी घेत नाही. हे काळूरामला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी तो कासरा धरून तसाच उभा राहिला.

"दाजी, बैल सोडा," नवसू म्हणाला. "बाय गेली."

"कुठं गेली?"

नवसूनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग एकेक शब्द सांगितला. काल दिस कलताना गोजरनं भाताचा भारा उचलला. भाऱ्यात घोणस होती, मनगटाला चावली. वैदू आणला, पाला लावला, तिला जागं ठेवलं. मधल्या रातीला ती गेली. कोंबडं आरवायच्या आत नवसू निघाला होता.

"चला," तो म्हणाला. "तुमच्यासाठी ठेवलीय तिला."

काळूरामनं मान हलवली आणि म्हणाला, "एवढं शेवटचं पट्टं पुरं करतो. ओल जाईल."

आणि त्यानं बैल हाकले. आंब्यापर्यंत गेला, वळला, परत आला. पुन्हा वळला, पुन्हा गेला आणि आला. नवसू बांधावर उभा होता. मग काळूरामनं बैल सोडले, शेजारच्या भिमाच्या हवाली केले आणि मेव्हण्याच्या मागं चालू लागला.

त्यानं असं का केलं हे त्याला पुढं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. दुःख कळायला त्याला वेळ लागला म्हणावं तर तसंही नव्हतं. 'पाणी नको' ऐकलं तेव्हाच त्यानं ते ओळखलं होतं. पण हातात कासरा होता, पट्टं अर्धं होतं, आणि हात आपलं काम करून मोकळे झाले. बस्स, एवढंच. पण माणसाला ज्यांची पुढं लाज वाटते, ती बहुतेक कामं एवढ्यानंच होतात.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, "गुणाची बाय. काय इच्छा मागं ठेवली नाय तिनं." काळूरामला ते ऐकून हलकं वाटलं. कावळा खोळंबला असता तर कोणीतरी विचारलं असतं, बाबा, तिचं काय राहिलंय ते बोल आणि सोडव तिला. आणि त्याला काही बोलता आलं नसतं, कारण गोजरला काय हवं असायचं हे त्याला माहीत नव्हतं. चौदा वर्षं संसार करून माहीत नव्हतं.

ती माहेरी निघाली तेव्हाचं त्यांचं शेवटचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. ती दारात बोचकं घेऊन उभी होती. म्हणाली होती, "रूळ फिरवायचा आठ दिस थांबवा. मी येते ना."

तो म्हणाला होता, "ओल थांबते काय तुझ्यासाठी? जा तू. दगड ठेवीन तुझ्या जागी. काय अडत नाय."

ती म्हणाली होती, "बरं." आणि गेली होती.

आता त्या रुळाबद्दल सांगायला हवं, कारण तालुक्यात काळूरामची ओळखच तेवढी होती. काळूराम म्हणजे रूळवाला.

पाच वर्षांपूर्वी तो शहापूरच्या अंगाला एका मळेवाल्याकडे गवत कापायला गेला होता. तिथं त्यानं लोखंडी रूळ पाहिला. बी पेरलं की वरून तो रूळ फिरवायचे. माती बीला घट्ट बसायची, खालची ओल वर चढायची, आणि आठव्या-नवव्या दिवशी रान एका दमात हिरवं व्हायचं. आपल्याकडं वालावर फार तर फळी फिरवतात. ती वरची ढेकळं फोडते, पण दाबत नाही. काळूरामच्या मनात ते बसलं. घरी येऊन त्यानं अनंता सुताराकडून ऐनाचं चार हात लांब खोड गोल तासून घेतलं. बैलगाडीच्या मोडक्या चाकांच्या धावा लोहाराकडून कापून घेऊन खोडाला पाच लोखंडी कडी बसवली. वर चौकट, चौकटीवर माणूस उभं राहील अशी आडवी फळी, मागं चिकटलेली माती खरवडायला एक पट्टी, आणि पुढं जोखडाला जाणाऱ्या दोन साखळ्या.

वाडी हसली होती. भिमा म्हणाला होता, "काळूराम, रस्ता बनवतोस का शेत? गोरा सायब येनार हाय काय मोटारीतून?"

पण वाल उगवला तेव्हा भिमा हसायचा थांबला.

रूळ नुसता ओढून भागत नाही. माती सगळीकडं सारखी दाबली गेली पाहिजे. कमी दाबली तर खाली पोकळी राहते आणि बी सुकतं. जास्त दाबली तर वर पापुद्रा धरतो आणि कोंब आतल्या आत वाकडा होऊन मरतो. काळूरामनं हे सगळं शिकून घेतलं होतं. त्याचा डावा बैल मोऱ्या अंगानं जोरकस, तो पुढं ओढायचा आणि रूळ तिरका चालायचा. म्हणून काळूराम डाव्या साखळीची एक कडी वाढवून बांधायचा. दर फेरीत मागच्या फेरीवर वीतभर रूळ चढवायचा. पट्टीला माती चिकटली की थांबायचं, साफ करायचं. आणि मधून मधून टाच टेकवून बघायचं. टाचेचा गोल उमटला पाहिजे, पण टाच रुतली नाही पाहिजे.

खोड एकटं हलकं पडायचं. वजन हवं होतं. म्हणून पहिल्या वर्षीच त्यानं गोजरला फळीवर उभी केली. फळी फिरवताना बाईला वर उभं करायची रीत घरोघर आहेच, त्यात नवल नव्हतं. गोजर पदर खोचायची, चौकटीला बांधलेला दोर धरायची आणि उभी राहायची.

पण ती नीट उभी राहत नसे. कधी डावीकडं सरके, कधी उजवीकडं, कधी दोन्ही पाय मागं घेई. कधी तर बैल चालते असतानाच खाली उडी मारी, चार पावलं मागून चाले आणि पुन्हा चढे. काळूरामला त्याचा राग यायचा.

"काय गो, मुंग्या चावतात काय? दगडासारखी उभी रहा."

"पायाला लागतं," ती म्हणायची.

"काय लागतं?"

"जमीन."

तो हसायचा. "जमीन माझ्या पायाखाली हाय, तू फळीवर हायस."

"व्हय, पन फळीतनं कळतं. हितं पोकळ हाय. तितं आंब्याकडं घट्ट हाय, तितं मी उतरते."

"चालायचा कंटाळा नाय, उभं राहायचा कंटाळा. ऐकलं नव्हतं कधी."

तिसऱ्या वर्षी शेतकी खात्याचे एक साहेब वाडीवरून जात होते, ते वालाचं शेत पाहून थांबले. ताटात वाढल्यासारखा वाल उगवला होता, कुठं मोकळं नाही, कुठं दाटी नाही. पौषात म्हशाची जत्रा भरली. बैलांच्या बाजाराच्या कडेला साहेबांनी मांडव घातला होता, त्यात शेतकऱ्यांना बोलावलं. काळूरामनं रूळ गाडीवर घालून नेला. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याला फेटा बांधला, कुसुंबी रंगाचा, जरीच्या काठाचा.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"कोनी नाय साहेब. आपलंच डोकं."

"आणि रुळावर बाई उभी असते म्हणे?"

"ती वजनाला, साहेब. दगड मिळत नाय म्हनून."

मांडव हसला. साहेबही हसले. गोजर बायकांत उभी होती, हातात लाह्या-बत्ताशांची पुडी. तिनं पदर तोंडाला लावला. ती हसली का, हे काळूरामनं पाहिलं नाही. फेटा डोक्यावर होता, मान वळवली तर सैल होईल असं त्याला वाटत होतं.

घरी आल्यावर तिनं फेटा घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवला, वर कडुनिंबाचा पाला घातला. एवढंच म्हणाली, "दगडापरीस बरी म्हनायची मी. दगडाला भाकर लागत नाय, मला लागते."

तो खो खो हसला होता. गोजर कधीतरी असं बोलायची.

दहावा-बारावा झाला आणि काळूराम शेतावर आला. वाल उगवला होता, पण रान बघून तो बांधावरच बसला. पट्ट्यापट्ट्यानं उगवला होता. मध्ये चार हात हिरवं, मग दोन हात नुसती माती, मग पुन्हा हिरवं. आंब्याकडच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं.

भिमा खांद्यावर फावडं घेऊन चालला होता. तो थांबला. माणूस वाईट नव्हता, पण जीभ थांबायची नाही.

"काळूराम, औंदा वाल कवायत करतो काय? लढाई लागली म्हनून?"

काळूराम मातीकडंच बघत राहिला. भिमाला कळलं आपण काय बोललो ते. "बैल नीट चालले नसतील," तो पुटपुटला आणि गेला.

काळूरामनं साखळ्या मोजल्या. डावीकडं बारा कड्या, उजवीकडं अकरा, नेहमीसारख्या. कडी तपासली, खोड फिरवून पाहिलं, कुठं झिजलेलं नव्हतं. दगड काढून भाताच्या पोत्याशी तोलले. गोजर एका पोत्यापेक्षा थोडी भारी होती, दगडही तेवढेच भरले. वजन तेच, रूळ तोच, बैल तेच, हाकणारा तोच.

मग तो वहाणा काढून शेतात उतरला. पट्ट्यातून चालला. जिथं वाल नव्हता तिथं बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज गेलं, आत माती कोरडी भुसभुशीत होती. पोकळ. पुढं आंब्याच्या कोपऱ्यात गेला. तिथं दुपारी गुरं बसायची, जमीन मुळातच घट्ट. तिथं बोट गेलंच नाही. नखानं पापुद्रा उचलला तर खाली वालाचा कोंब पिवळा पडून वेटोळा झाला होता.

आंब्याच्या कोपऱ्यात ती उतरायची.

काळूराम तिथंच उकिडवा बसला. त्याला एकेक जागा आठवू लागली. बांधापासून दहा पावलांवर ती डावीकडं सरकायची. तिथंच नांगर खोल जायचा, कारण पूर्वी तिथून पाण्याची चरी होती. मधल्या सरळीत ती मध्ये उभी राहायची. ओढ्याच्या अंगाला दोन्ही पाय मागं घ्यायची. त्यानं जाऊन बघितलं. जिथं जिथं ती सरकायची तिथं तिथं औंदा काहीतरी चुकलेलं होतं. सारं शेत तिच्या पायांनी लिहून ठेवल्यासारखं समोर पडलं होतं, आणि चार वर्षं तो तिला म्हणत होता, दगडासारखी उभी रहा.

औंदा दगड उभा राहिला होता. अजिबात न हलता.

त्या वर्षी वाल कमी आला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. वाईट हे वाटत होतं की वाडीतली माणसं त्याची समजूत घालायची. म्हणायची, "बायकोच्या दुःखात ध्यान नव्हतं रे तुझं. पुढल्या साली बघ." आणि तो मान हलवायचा. ध्यान नव्हतं हे खोटं होतं. तो सांगावा येईपर्यंत, ते शेवटचं पट्टं सोडून, सगळं शेत पूर्ण ध्यान देऊन दाबून झालं होतं. पण मान हलवणं सोपं होतं. असं एक वर्ष त्यानं मान हलवून काढलं.

पुढल्या कार्तिकात नवसू आला. या वेळी बांधावरून खाली उतरला, ओसरीवर बसला, पाणी प्यायला.

"दाजी, औंदा आमच्या रानात वाल टाकलाय पयल्यांदाच. रूळ घेऊन या. तुमच्याबिगर जमनार नाय."

काळूराम म्हणाला, "रूळ ने. मी कशाला?"

"नुसता रूळ नेऊन काय करू? अक्कल तुमची हाय ना. फेटा बांधलाय सरकारनं."

नवसूच्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता, हे काळूरामला कळलं नाही. नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यानं रूळ गाडीवर चढवला, बैल जुंपले आणि टोकावड्याला गेला.

नवसूच्या शेताकडेला आठ-दहा माणसं जमली होती, रूळ बघायला. काळूरामनं साखळ्या बांधल्या, पट्टी लावली, टाच टेकवून ओल बघितली. हे सगळं तो नेहमीच्या सराईतपणे करत होता आणि माणसं बघत होती. मग वजनाचा प्रश्न आला.

"दगड आना," तो म्हणाला.

"दगड कशाला?" नवसू म्हणाला. "ही हाय ना. ए सुंदरा, चढ."

सुंदरा म्हणजे नवसूची बायको. वर्षाची पोर आजीकडं देऊन ती आली, पदर खोचला आणि फळीवर चढली. काळूरामनं बैल हाकले. दहा-बारा पावलं गेली असतील, तर सुंदरा एका पायावर रेलली आणि उजवीकडं सरकली.

"ए, हलतीस काय?" नवसू बांधावरून ओरडला. "गप उभी रहा गो, धोंड्यासारखी!"

सुंदरा पुन्हा मध्ये आली. गप उभी राहिली.

काळूरामनं कासरा ओढला. बैल थांबले.

"काय झालं दाजी? साखळी निसटली?"

काळूराम वळून सुंदराकडं बघत होता. तिनं पदर पुढं ओढला.

"तू सरकलीस का गो?" त्यानं विचारलं.

"चुकलं, दाजी."

"चुकलं नाय. का सरकलीस ते सांग."

ती नवऱ्याकडं बघू लागली. मग हळूच म्हणाली, "काय की. पायाखाली पोकळ लागलं म्हनून."

काळूराम त्या जागी गेला, खाली बसला आणि मातीत बोट घातलं. बोट आत गेलं.

तो उठला. माणसं बघत होती. आता म्हणायला हरकत नव्हती की साखळी निसटली होती. आता बैल हाकून देता आले असते. तो म्हणाला, "नवसू, मला ह्यातलं काय येत नाय."

"असं कसं?"

"साखळ्या बांधता येतात. बैल हाकता येतात. जमीन सारखी दाबायचं काम तुझी बहीन करायची. ती फळीवर सरकायची, उतरायची, चढायची. मी तिला शिव्या द्यायचो. म्हशाच्या मांडवात साहेबाला म्हनालो ती वजनाला हाय. ती गेली त्या सालचा वाल बघितला आसतास तर तुला कळलं असतं. अर्धा मेला."

एक म्हातारा खोकला. नवसू बांधावरून खाली आला, अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"मला ठावं व्हतं," तो म्हणाला.

"काय ठावं व्हतं?"

"बाय सांगायची. दर दिवाळीला आली की सांगायची, 'मी पायानं शेत वाचते रे नवसू, पन ह्यांना सांगितलं की हसतात.' म्हनून तर मी आमच्या रानात वाल टाकला. म्हटलं, बघू दाजी काय करतात. दगड ठेवतात का सांगतात. सुंदरावर ओरडलो ते बी त्यासाठीच."

काळूरामला खाली बघावं लागलं. आपल्याच पायाच्या अंगठ्याकडं.

नवसू थांबला नाही. "आन त्या दिशी दोन फेऱ्या मारल्यात तुमी. मी मोजल्या. आंब्यापत्तोर जाऊन दोनदा आलात. तितं बाय जमिनीवर पडलेली, आन तुमी ओल जाईल म्हनलात."

"व्हय."

"व्हय काय?"

"मारल्या," काळूराम म्हणाला. "दोन मारल्या."

शेवटी जमलेल्यांतला म्हातारा म्हणाला, "आरं, ओल जातीय. भांडा नंतर."

तेव्हा काळूरामनं कासरा सुंदराच्या हातात दिला. वहाणा काढल्या आणि स्वतः फळीवर चढला. बाया हसल्या. एकजण म्हणाली, "अगो बाय, बाप्या वजनाला!" दुसरी म्हणाली, "बघ गो, म्हशाचा फेटेवाला धोंडा." माणसंही हसली. सुंदरा हसली नाही, तिनं बैल हाकले. बाईच्या हाती बैल सावकाश चालले.

काळूराम डोळे मिटून उभा राहिला. पायाखाली फळी थरथरत होती. त्यापलीकडं काही कळेना. भेगा पडलेल्या टाचा, निबर झालेले तळवे. जमीन बोलत असली तरी त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. सुंदरा मागं वळून बघायची आणि हळूच सांगायची, "दाजी, मघाचं ठिकान आलं. उजवीकडं व्हा." तो सरकायचा. तिसऱ्या फेरीत डाव्या पायाखाली फळी जराशी खचल्यासारखी वाटली, जिना उतरताना एक पायरी जास्त खोल लागते तशी. तो डावीकडं सरकला. खरंच तिथं पोकळ होतं का, का नुसतं वाटलं, ते त्याला ठरवता येईना.

असल्या एका क्षणासाठी ती चार वर्षं त्याला हाका मारत होती, आणि तो म्हणत होता मुंग्या चावतात काय.

दिस मावळायच्या आत खालचं सगळं शेत झालं. वरच्या अंगाची सहा हातांची पट्टी राहिली, कारण बैल दमले. सुंदरा म्हणाली, "उद्या मी फळीवर चढते. तुमी हाका. न बोलता हाका मात्र." नवसूनं तिच्याकडं बघितलं आणि बैल सोडले.

पडवीत भाकर खाताना नवसू म्हणाला, "दाजी, हितं बोललात ते बरं केलंत. पन हितं कोन व्हतं? आठ मानसं. तुमी जिथं बोलला व्हतात तिथं बोला."

"म्हशाला?"

"म्हशाला. त्याच मांडवात. आन फेटा हितं आनून द्या. बायच्या माहेरी राहू दे."

"सांगन," काळूराम म्हणाला. "औंदाच्या जत्रेत सांगन. फेटा आनून देतो."

दुसऱ्या दिवशी सुंदरानं वरची पट्टी दाबली. काळूराम न बोलता बैल हाकत होता. नवव्या दिवशी नवसूचा सांगावा आला की वाल सगळीकडं सारखा उगवला आहे.

म्हशाची जत्रा त्यानंतर दोनदा भरली. काळूराम दोन्ही वेळा गेला. पहिल्या वर्षी साहेबांच्या मांडवाच्या दाराशी उभा राहिला. आतून कोणीतरी हाक मारली, "या रूळवाले, पुढं या," आणि तो मागं सरकून बैलांच्या बाजारात शिरला. दुसऱ्या वर्षी मांडवात बसला. साहेब नवे होते. कोणाला काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. काळूरामनं हात वर केला नाही.

फेटा अजून पत्र्याच्या पेटीत आहे. वरचा कडुनिंबाचा पाला गोजरनं घातलेला तोच आहे, वाळून चुरा झालेला. टोकावड्याला फेटा पोचवायचा राहिला आहे. म्हशाच्या मांडवात उभं राहून ते एक वाक्य बोलायचं राहिलं आहे.